रंगचक्र

रंगांचे परस्परसंबंध एका दृष्टिक्षेपात कळावेत म्हणून केलेली त्यांची वर्तुळाकार मांडणी. आयझॅक न्यूटनने ‘ऑप्टिक्स’ (१७०४) या ग्रंथात वर्णपटाची तांबडी आणि जांभळी टोके जोडून वर्तुळ काढले. निसर्गातील वर्णपट सरळ पट्टा असतो. त्याचे वर्तुळ करणे ही न्यूटनची मोठी झेप होती.

चित्रकलेच्या वर्गातले चक्र तांबडा, पिवळा व निळा हे मूळ रंग धरते. त्यांच्या जोड्यांतून नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम रंग होतात; शेजारच्या मूळ व दुय्यम रंगांच्या मिश्रणातून आणखी सहा. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवणाऱ्या योहानेस इटेनचे बारा भागांचे चक्र याच धर्तीचे आहे. छपाईचे मूळ रंग मात्र सायन, मॅजेंटा व पिवळा, तर मोबाइलच्या पडद्याचे तांबडा, हिरवा व निळा. पडद्यावर तांबडा व हिरवा प्रकाश मिळून पिवळा दिसतो, म्हणून माध्यम पाहूनच चक्र निवडावे.

चक्रावर समोरासमोर येणारे रंग पूरक होत. कालवले तर ते एकमेकांना मळकट करतात, शेजारी ठेवले तर उठाव देतात. याचा सखोल अभ्यास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने केला. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत तो रंगाईचा प्रमुख असताना, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार आली. त्याने लोकर तपासली, तर रंगाईत खोट नव्हती. शेजारच्या निळ्याची पूरक नारिंगी छटा डोळाच त्या काळ्यावर चढवत होता. १८३९ मध्ये त्याने हा नियम ग्रंथरूपाने मांडला. रंगसंगतीच्या पुढच्या विचारावर या शोधाचा मोठा प्रभाव पडला.

डोळाच रंग घडवतो, हे पैठणीतही दिसते. तिच्या धूपछाँव विणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. तिथे रंग कालवलेले नसतात; धाग्यांची सरमिसळ डोळ्यात होते आणि कोन बदलला की छटा बदलते.

लगतच्या रंगांची संगती शांत वाटते, पण एखाद्या विरोधी रंगाशिवाय ती सपक होऊ शकते. समभुज त्रिकोणाच्या टोकांवरचे तीन रंग घेतल्यास एकाला प्रमुख ठेवावे. एकरंगी संगतीत सारी भिस्त फिक्या-गडद छटांवर असते.

रंग किती जागेत वापरावा, हे चक्र सांगत नाही. जर्मन कवी गटेने रंगांच्या उजळपणाला दिलेल्या तेजोमूल्यांनुसार पिवळ्याचे ९, तर जांभळ्याचे ३; त्यामुळे इटेन या जोडीसाठी पिवळ्याच्या एका भागाला जांभळ्याचे तीन भाग सुचवतो. तांबडा व हिरवा मात्र समसमान चालतात.