कवळाण्याचा दत्तक

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. तेथील काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी बडोद्यास दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. ही हकीकत आपण बहुधा भाग्योदयाची कथा म्हणून सांगतो. मुळात दत्तकाची वेळ का आली, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

खंडेराव महाराज नोव्हेंबर १८७० मध्ये वारले, तेव्हा राणी जमनाबाई गरोदर होत्या. पुत्र झाल्यास गादी त्याची, असे ठरवून तोवरचा कारभार धाकटे बंधू मल्हारराव यांच्याकडे देण्यात आला. जुलै १८७१ मध्ये कन्या झाली, ताराबाई. त्या जन्मानेच मल्हाररावांची गादी पक्की झाली. एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले, त्यांच्या संततीचा हक्कही नाकारला आणि जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा दिली. औरस कन्या वाड्यात वाढत असताना वारसाचा शोध दूरच्या कवळाण्यापर्यंत आला.

विधवेने दत्तक घ्यावा की नाही, यावर शास्त्रकारांत मतभेद होते. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ वा घेऊ नये, असे वसिष्ठांचे वचन आहे. त्यावरून मिथिलेच्या पंडितांनी विधवेला दत्तकाचा अधिकारच नाकारला. बंगालमध्ये पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा पुरेशी मानली गेली, तर दक्षिणेत सपिंडांची संमतीही चालली. महाराष्ट्रात मान्य असलेल्या ‘व्यवहारमयूखा’ने ही अट पती जिवंत असेपर्यंतच लागू केली. रामनाड संस्थानच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १८६८ मध्ये हे चारही अर्थ नोंदवले. वचन एकच असले तरी निकाल प्रांताप्रांताच्या रूढीने ठरत होता. पण या साऱ्या वादात एक गोष्ट बहुतेकांनी वादाची मानली नाही. दत्तक घ्यायचा तो पुत्रच.

मेघालयातील खासी समाजाकडे पाहिले की हे गृहीतक उघडे पडते. तेथे कुळाचे नाव आईकडून येते, वडिलोपार्जित घर धाकट्या कन्येकडे जाते. घरात मुलगी उरली नाही तर वंश खुंटला असे समजतात आणि दुसऱ्या घरची मुलगी आणून तो चालवण्याची रीत आहे. खासी मुलाने कोणाचे कुळनाव लावावे, हा तेथे आजही कायद्याच्या वादाचा विषय आहे. तिकडची स्त्री सर्वाधिकारी आहे, असा भाबडा निष्कर्ष मात्र काढू नये. कुळाच्या कारभारात मामाचा शब्द मोठा असतो. तरीही त्या रूढीने पाहिले तर १८७१ सालीच वारस जन्मली होती.

गोपाळरावाचे आडनाव दत्तकविधानाने बदलले नाही, कारण दोन्ही घरे गायकवाडांचीच. बदलले ते त्याचे नाव आणि बापाचे नाव. ताराबाई पुढे सावंतवाडीच्या भोसले घराण्यात गेल्या. सयाजीरावांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. त्यांच्या राज्यारोहणाचा अभिमान नाशिककरांनी जरूर बाळगावा. परंतु हिंदू कायद्याने कन्येला दत्तक घेण्याची वाट १९५६ मध्ये मोकळी केली, हे ध्यानात घेतले की कवळाण्याची कथा ताराबाईपासून सुरू करावी लागते.