सिगारची पारख आणि वाचकाचा आवाज

सिगारचे पारखी वेष्टनाच्या पानाची तकाकी, झुरक्यातील मोकळेपणा, राखेची घट्टता आणि धुराचा दरवळ पाहतात. श्रेय क्यूबातील व्हुएल्ता आबाहोच्या मातीला देतात. सिगार वळणारे हात या पारखीतून निसटतात, असे आम्हांला वाटते. १८६५ साली हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक आला. त्याचे वेतन कामगार आपल्याच मजुरीतून देत. ऐकता ऐकता विचार करू लागलेला कामगार स्पॅनिश सत्तेला धोकादायक वाटला आणि १८६६ साली बंदी आली. पुढे प्रथा पुन्हा रुजली. १९३५ च्या ‘मोंतेक्रिस्तो’ सिगारचे नाव तिथे वाचल्या जाणाऱ्या द्यूमाच्या कादंबरीवरून पडले, असे सांगतात. चवीला गुण देताना या श्रोत्यांचेही स्मरण असावे.