थांब्याचा भाव

मुंब्र्यात घर शोधायला गेलात तर दलाल पहिल्यांदा सांगतो ते स्टेशन किती मिनिटांवर आहे. पाणी किती तास येते, इमारतीला परवानगी आहे का, जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे तुम्ही विचारल्याशिवाय निघत नाही. "पाच मिनट चलके" या तीन शब्दांची किंमत लाखांत असते. ही किंमत कुठून येते आणि कोणाच्या खिशात जाते, याचा इतिहास मुंबईच्या लोकलइतकाच जुना आहे. आपल्याकडे रेल्वेचा इतिहास म्हणजे इंजिने, पूल आणि पहिल्या गाडीचे चौदा डबे. जमिनीचा हिशेब त्यात क्वचितच येतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. ती बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती आणि रुळांसाठी लागणारी जमीन ९९ वर्षांसाठी फुकट. फुकट कंपनीला, सरकारला ती शेतकऱ्यांकडून, खोतांकडून घ्यावी लागली. यात एक गंमत होती, जी पुढे १८९४ च्या भूसंपादन कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिली गेली. त्या कायद्याच्या २४ व्या कलमानुसार, ज्या कामासाठी जमीन घेतली त्या कामामुळे तिची किंमत वाढणार असेल, तर ती वाढ मोबदल्यात धरायची नाही. म्हणजे रूळ ज्याच्या शेतातून गेले त्याला शेताचा भाव आणि वर सक्तीच्या खरेदीबद्दल पंधरा टक्के. बांधाच्या पलीकडच्या शेजाऱ्याची जमीन कोणी घेतली नाही, त्याने रेल्वेला काही दिले नाही, पण उद्या स्टेशनजवळचा प्लॉट त्याचाच. हा कायदा २०१३ पर्यंत चालला. मला तर रेल्वे आणि जमिनीच्या सगळ्या गोष्टीचे बीज या एका कलमातच दिसते.

पण शेजारी एका रात्रीत श्रीमंत झाला असे समजू नका. रूळ पडल्याने भाव वाढत नाही. पश्चिमेकडे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची विरारहून पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी बॅकबेपर्यंत धावली. तेव्हा दिवसाला एक गाडी जायची, एक यायची. एका गाडीच्या भरवशावर कोणी अंधेरीत राहून कोटात नोकरी करत नाही. साष्टीतली गावे त्या काळात मोठ्या इनामदारांकडे आणि खोतांकडे होती. बैरामजी जीजीभॉय यांना १८३० मध्ये कंपनी सरकारने तिथली काही गावे दिली होती. मालाड-गोरेगावच्या पट्ट्यात रूळ आले तरी बराच काळ भाताची खाचरे, मिठागरे आणि ताडी यांवरच उत्पन्न चालले.

भाव हलला तो भीतीने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले, आणि पळायला रेल्वे होती. वांद्रे, सांताक्रुझ, विलेपार्ले, घाटकोपर ही नावे हवापालटासाठी बंगला बांधायच्या यादीतून कायम राहण्याच्या यादीत आली ती या काळात. १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाटीच्या वस्त्या पाडून रस्ते काढले, आणि पाडलेल्यांपैकी अनेकांना नव्या जागेचे भाडे परवडले नाही. हा भाग लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

याच सुमारास सरकारच्या डोक्यात एक न्याय्य कल्पना आली. सरकारच्या कामामुळे जमीन महाग झाली तर त्या वाढीतला वाटा सरकारने का मागू नये? १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात ती उतरली. योजनेत आलेल्या प्लॉटची आधीची किंमत धरायची, योजना पूर्ण झाल्यावरची किंमत धरायची, आणि फरकाच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून योजनेच्या खर्चासाठी घ्यायची. वांद्र्याला राहणारे लोक अजून पत्त्यात 'टीपीएस' लिहितात. ती तीन अक्षरे म्हणजे याच कायद्याखालची टाऊन प्लॅनिंग स्कीम. ही वसुली रस्ते-गटारांच्या खर्चापुरती होती, रेल्वेने दिलेल्या भावाचा त्यात हिशेब नव्हता. तरीही तत्त्व म्हणून ते कागदावर होते: वाढ ज्याच्या पदरात पडली त्याने भरावे.

मग वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली आणि ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा-बोरिवली मार्ग विजेवर आला. रूळ तेच होते आणि अंतरही तेच. बदलले ते दोन गाड्यांमधले अंतर. विजेची गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते, शेवटच्या स्टेशनवर तिचे इंजिन फिरवून लावावे लागत नाही. म्हणून त्याच रुळांवर जास्त गाड्या बसतात, आणि मध्ये आणखी थांबे देता येतात. खार रोड हे स्टेशन १९२४ चे, त्याच घाईच्या काळातले. माझ्या मते मुंबईच्या जमिनीला खरा भाव दिला तो १८५३ ने नव्हे, या वर्षांनी.

इथे थोडे अर्थशास्त्र सांगतो. कारकून महिन्याचा हिशेब करतो तेव्हा तो भाडे वेगळे आणि पास वेगळा धरत नाही. भाडे, पास आणि जाण्यायेण्याचा वेळ ही त्याच्यासाठी एकच रक्कम असते. पास स्वस्त झाला किंवा वीस मिनिटे वाचली, की त्याच्या हातात थोडे उरते. ते किती दिवस उरते? करार संपेपर्यंत. वाचलेली वीस मिनिटे घरमालकालाही मोजता येतात. सरकार पासावर सवलत देते ती प्रवाशाच्या नावाने, पण तिचा मोठा भाग शेवटी स्टेशनजवळच्या भाड्यात जाऊन बसतो.

चेंबूरची गोष्ट यात वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. कुर्ल्याहून चेंबूरला रूळ गेले ते १९०६ मध्ये, माणसांसाठी नव्हे, शहराचा कचरा देवनारला नेण्यासाठी. अठरा वर्षे त्या रुळांनी जमिनीचा भाव वाढवला नसणार, घटवलाच असेल. कचरागाडीच्या शेजारी घर कोण बांधतो? १९२४ मध्ये त्याच मार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली आणि चेंबूर उपनगर म्हणून उभे राहू लागले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी तिथे पडली, आणि पुढच्या पिढीत त्या छावणीची बाजारपेठ झाली. प्लेगनंतर पुन्हा एकदा हेच दिसते, आधी रूळ, मग घाबरून किंवा घर गमावून आलेली माणसे, मग भाव.

उलट उदाहरणही आहे. ट्रॉम्बेहून कुर्लामार्गे अंधेरीला जाणारी एक आडवी रेल्वे १९२८ मध्ये सुरू झाली. साष्टीचा मधला भाग वस्तीसाठी खुला व्हावा हा हेतू होता. ती १९३४ मध्ये बंद झाली, रूळही गेले. त्यानंतर पूर्व-पश्चिम जाणारी रुळावरची गाडी या भागाला मिळाली ती थेट ८ जून २०१४ ला, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या रूपाने. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर ज्याने बसमध्ये तासन्‌तास काढले आहेत, त्याला या ८० वर्षांचा अर्थ समजावायला नको.

लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वेला रुळांलगतची जादा जमीन स्वतःकडे ठेवण्याची मुभा होती आणि १९१९ मध्ये तिच्या पुढाकाराने घरे बांधून विकणारी स्वतंत्र कंपनीच निघाली. गाडीही तिची, भावही तिचा. आपल्याकडच्या कंपन्यांना हमीचा परतावा होता, त्यांना घरे विकायची गरजच नव्हती. वाढ आपोआप आजूबाजूच्या मालकांकडे गेली.

आता मुंब्र्याकडे वळतो, कारण मुळात मला त्याचेच लिहायचे आहे. १ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगरातल्या दोन लहान बोगद्यांतून कल्याणला पोहोचली. मुंब्रा म्हणजे मुंबईच्या पहिल्या स्टेशनांच्या अगदी पाठोपाठ रेल्वे आलेली जागा. शेजारचे कौसा हे कोकणी मुसलमानांचे जुने गाव. मग इतक्या जुन्या रेल्वेवर असूनही ते घाटकोपरसारखे का वाढले नाही? अंतर हे एक कारण. दुसरे कारण १९१६ मध्ये आले. पारसिकच्या पोटातून सुमारे १.३ किलोमीटरचा मोठा बोगदा तयार झाला आणि ठाणे ते दिवा असा सरळ, जलद मार्ग मिळाला. रेल्वेच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. पण या मार्गाने कळवा आणि मुंब्रा ही दोन्ही स्टेशने बाजूला टाकली. डोंबिवली-कल्याणचा माणूस जलद गाडीने बोगद्यातून निघून जाई. मुंब्र्याच्या माणसाला धीमीच गाडी. दूरच्या डोंबिवलीला भाव आला आणि जवळचे मुंब्रा स्वस्त राहिले, ते पुढची शंभर वर्षे.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मुंबईतले मुसलमान या स्वस्तपणाकडे आले. माझे मामू त्यांतलेच. मुंबईतली भाड्याची खोली सोडून त्यांनी मुंब्र्यात एक खोली घेतली. हातात काय आले? नोटरीचा एक कागद आणि बिल्डरची पावती. खरेदीखत नाही, सोसायटी नाही, म्हणून बँकेचे कर्जही नाही. मामी दागिने विकून बसल्या त्या याच खोलीसाठी. तेव्हा घाई इतकी होती की कागद विचारणारा माणूस वेडा ठरला असता. आणि ज्याच्याकडे दुसरीकडे घर मिळण्याचा पर्याय नाही त्याला भाव करता येत नाही, ही गोष्ट रेल्वेच्या कुठल्याही हिशेबात बसत नाही. मुंब्र्याचा भाव अर्धा रेल्वेने ठरवला असेल. उरलेला अर्धा, बाहेरच्या सोसायट्यांनी नाव ऐकून फोन ठेवण्याने ठरवला.

या घाईचा शेवट काय होऊ शकतो ते ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याजवळ दिसले. लकी कंपाऊंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली.

त्यानंतर रेल्वे पुन्हा सुधारली. शेजारच्या दिव्यात प्रवाशांनी जानेवारी २०१५ मध्ये मोठे आंदोलन केले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिथे जलद गाड्या थांबू लागल्या. दिव्यात नव्या इमारतींच्या जाहिरातींवर पहिली ओळ तीच असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचे उद्घाटन झाले, खर्च सुमारे ६२० कोटी. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन भरगच्च लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. दूरचे स्वस्त घर घेणाऱ्याने भाड्यातून वाचवलेल्या पैशांची ही दुसरी बाजू.

आणि १९१५ च्या त्या तत्त्वाचे काय झाले? १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे घर खरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार लागतो. स्टेशनपासून दोन मिनिटांवरची जमीन वर्षानुवर्षे धरून बसलेल्याला, तो विकत नाही तोवर, काहीच भरावे लागत नाही. भरतो तो घर घेणारा, त्याच्या गल्लीत मेट्रो येवो न येवो. शंभर वर्षांपूर्वी बोट मालकाकडे होते, आता गिऱ्हाईकाकडे आहे.

मामूंच्या इमारतीत आता पुनर्विकासाची चर्चा चालते. पात्रतेसाठी कोणते कागद लागतील याची यादी जिन्यात चिकटवली आहे. नोटरीचा कागद जुना होऊन घडीवर फाटला होता, त्याला मामींनी प्लास्टिकचे आवरण करून घेतले आहे. तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू मात्र त्या यादीत कुठेच बसत नाहीत. त्यांचा अकरा महिन्यांचा करार येत्या मोहरममध्ये संपतो, आणि मालकाने वाढीव भाडे आधीच सांगून ठेवले आहे.