भुतांची भाषा बोलणारी माणसं

'बाहुबली' येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. कळंबच्या बसस्थानकावर मी येरमाळ्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो. शेजारी एक पारधी बाई आणि तिची आठ-दहा वर्षांची मुलगी आपल्या बोलीत काहीतरी बोलत होत्या. मागं कॉलेजची चार पोरं उभी. त्यातल्या एकानं जीभ टाळूला लावून 'टॉक टॉक' आवाज काढला आणि ओरडला, "कालकेय आले रे!" बाकीचे खदाखदा हसले. मुलगी गप्प झाली. थोड्या वेळानं ती पुन्हा आईशी बोलली, पण मराठीत.

पोरांना शिव्या देऊन हा विषय संपत नाही. 'न कळणारी भाषा म्हणजे अर्धवट माणूस' हे समीकरण त्यांच्या डोक्यात कुणी घातलं, हा प्रश्न आहे. सिनेमातल्या कालकेय टोळीसाठी मदन कार्की या तमिळ गीतकारानं 'किलिकिली' नावाची भाषा मुद्दाम रचली. साडेसातशेच्या आसपास शब्द, चाळीसेक व्याकरणाचे नियम. बोलणारे कोण, तर काळे, विद्रूप, रानटी. आणि कालकेय हे नाव आलं कुठून? महाभारतातून. तिथं ते असुर आहेत.

हॉलिवूडमध्येही असं होतं. 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासी क्लिंगॉनांची भाषा मार्क ओक्रँडनं १९८४च्या चित्रपटासाठी घडवली. याच ओक्रँडनं आधी कॅलिफोर्नियातल्या आदिवासींच्या मुत्सुन भाषेवर पीएच.डी. केली होती, आणि तोवर ती बोलणारं कुणी उरलं नव्हतं. माणसांची भाषा मेली आणि परग्रहवासीयांची जगभर शिकली जाऊ लागली. यात ओक्रँडचा काही दोष नाही, त्यानं दोन्ही कामं मन लावून केली. पण लक्षात घ्या, तिकडे जमात काल्पनिक होती म्हणून तिच्यासाठी भाषा काल्पनिक केली. आपल्याकडे गोष्ट उलटी घडली. भाषा खरी होती, बोलणारी माणसं खरी होती. काल्पनिक होतं ते त्यांचं पिशाच असणं.

ही गोष्ट आपल्या मराठवाड्यातली, पैठणची आहे.

सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असताना एक राणी संस्कृतात म्हणाली, 'पाण्यानं मारू नका.' राजाला संधी फोडता आला नाही. त्यानं 'मोदकांनी मारा' असं समजून मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला. गुणाढ्य म्हणाला, मी सहा वर्षांत संस्कृत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्यानं पैज लावली: तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. तो हरला आणि मुका होऊन विंध्याच्या जंगलात गेला. तिथं पिशाचांचं बोलणं ऐकून त्यांची भाषा शिकला आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. राजाकडे पाठवली, तर उत्तर आलं: भाषा पिशाचांची, लिहिलंय रक्तानं, धिक्कार असो! मग गुणाढ्य एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकू लागला. सहा लाख श्लोक जळाले. राजा धावत आला तेव्हा एक लाख उरले होते.

ही कथा आपल्याला कळते ती अकराव्या शतकातल्या काश्मिरी ब्राह्मण सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तून, म्हणजे हजारेक वर्षांनंतर आणि संस्कृतातून. मूळ बृहत्कथा हरवली. आता विचार करा. या कथेत राजा लाजतो कशाला? संस्कृत येत नाही म्हणून. प्रत्यक्षात सातवाहनांचे नाशिक, नाणेघाट, कार्ल्याचे लेख प्राकृतात आहेत. त्यांच्या नाण्यांवर प्राकृत आहे. हाल सातवाहनाच्या नावानं प्रसिद्ध असलेली 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतात आहे. (सातवाहनांना घाईनं आपल्या बाजूचे ठरवू नये. नाशिकच्या लेखात गौतमीपुत्राला अद्वितीय ब्राह्मण म्हटलंय, आणि त्याच लेखात भिक्खूंना लेणं दान दिलंय.) ज्यांनी राज्यकारभार लोकभाषेत केला, त्यांना लोकभाषेची लाज वाटत होती, असं नंतरच्यांनी लिहून ठेवलं.

काही विद्वान म्हणतात, पैशाची ही कवींची गंमत, असली भाषा कधी नव्हतीच. मग वररुची आणि बाराव्या शतकातला हेमचंद्र तिचं व्याकरण का देतात? नियमही साधे आहेत: 'नगर'चं नकर, 'मेघ'चं मेख, 'राजा'चं राचा, 'गुण'चं गुन. भुतं एवढी नियमानं बोलतात होय? हेमचंद्राचा आणखी एक नियम आहे. पैशाचीत 'ल'चा 'ळ' होतो: कुळ, जळ, कमळ. मराठी माणसाला यात भुताटकी दिसते का? यावरून पैशाची म्हणजे मराठी असं मी म्हणत नाही. पण बसस्थानकाच्या पाटीवर 'कळंब' लिहिलंय, त्यातलं मधलं अक्षर वाचा.

तिबेटी बौद्ध परंपरा तर सांगते की स्थविर निकायाची भाषा पैशाची होती. पाली आणि पैशाचीतलं साम्य फॉन हिन्यूबरसारख्या जर्मन अभ्यासकानंही दाखवलंय. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे जुन्या तगरला, उत्खननात विटांचा स्तूप सापडला. पैठण आणि तगर ही दोन्ही नावं पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात शेजारी शेजारी येतात. या वाटेवरून भिक्खू, विणकर, व्यापारी बोलत जात होते. त्यांच्यातल्या कुणाकुणाची भाषा दंडीसारख्या काव्यशास्त्रकारानं 'भूतभाषा' म्हणून नोंदवली असेल, याचा अंदाज करायला हरकत नाही.

बाबासाहेबांनी याच्या मुळाशी १९४६ साली हात घातला. 'हू वेअर द शूद्राज' या ग्रंथात ते ऋग्वेदातला दस्यूंसाठी आलेला 'अनास' हा शब्द घेतात. मॅक्सम्युल्लरनं तो 'अ-नास' असा फोडला, म्हणजे बिननाकाचे, चपट्या नाकाचे. त्यावर वंशभेदाचा इमला उभा राहिला. सायणानं 'अन्-आस' असा फोडला, म्हणजे तोंड नसलेले, नीट बोलता न येणारे. बाबासाहेब सायणाच्या बाजूनं उभे राहतात. कारण दस्यूंना बिननाकाचे दुसरीकडे कुठंच म्हटलेलं नाही, उलट 'मृध्रवाक्', म्हणजे अशुद्ध बोलणारे, असं वारंवार म्हटलंय. भेद नाकाचा नव्हता, बोलीचा होता. वेगळं बोलतो तो तोंडच नसलेला!

पतंजलीच्या महाभाष्यातले असुर 'अरि'ऐवजी 'अलि' म्हणाले म्हणून हरले. 'र'चा 'ल' करणारी भाषा कोणती? मगधाकडची. अशोकाच्या पूर्वेकडच्या शिलालेखांत 'राजा' हा शब्द 'लाजा' असा कोरलेला आहे. सम्राट अशोक पतंजलीच्या कानाला असुरच वाटला असता.

इंग्रजांनीही हे नाव आयतं उचललं. ग्रिअर्सननं १९०६ साली काश्मीरकडच्या भाषांवर पुस्तक लिहिलं आणि त्या जिवंत माणसांच्या भाषांना नाव दिलं 'पिशाच भाषा'. त्याच्याच भाषा-सर्वेक्षणाच्या १९२२च्या अकराव्या खंडात कोल्हाटी, गारुडी, भामटी, कंजारी यांच्या बोली आहेत. परक्याला कळू नये म्हणून शब्द फिरवण्याच्या त्यांच्या पद्धतीही त्यात नोंदल्या आहेत. नोंद उपयोगाची आहे, नाकारायचं कारण नाही. पण तेव्हा १८७१पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा चालू होता, आणि त्या कायद्याखाली जन्मलेल्या माणसाची न कळणारी बोली पोलिसाला कटासारखीच ऐकू येणार. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला. बोलीवरचा संशय रद्द करणारा कागद कधी निघालाच नाही.

पारधी बोली भिली-गुजरातीच्या घरातली आहे, हे भाषाशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडतं. म्हणजे गांधीजींच्या मातृभाषेची ती बहीण. आणि ज्या मराठवाड्यात निजामाच्या काळात मराठीलाच दुय्यम वागणूक होती, उस्मानिया विद्यापीठ १९१८ला उर्दूत सुरू झालं, तिथल्या मराठी माणसानं तरी दुसऱ्याच्या बोलीला हसू नये.

राज्यघटनेचं ३५०-अ कलम १९५६ साली आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी राज्यानं प्रयत्न करावा, असं ते सांगतं. कळंब तालुक्यात पारधी वस्त्या आहेत, त्या वस्त्यांतली पोरं पहिलीत बसतात आणि बाईंचं बोलणं न कळल्यानं महिना-दोन महिन्यांत मागच्या रांगेत जातात. वस्तीवरचीच दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी त्या वर्गात बसवा, मानधन द्या, दोन्ही भाषांतल्या शब्दांची वही तयार करू द्या. पंचायत समितीला हे निवेदन द्यायचं आहे. सह्या करायला कोण कोण येणार, ते सांगा.