रंगप्रतीके

रंगप्रतीके : समाजाने परंपरेने किंवा जाणीवपूर्वक ठरवून रंगांना दिलेले सांकेतिक अर्थ. रक्त, अग्नी, पालवी, राख इ. वस्तूंशी असलेल्या साहचर्यामुळे काही अर्थ अनेक समाजांत सारखे आढळतात. तथापि एकाच रंगाचे परस्परविरोधी अर्थही दिसत असल्यामुळे ते अर्थ रंगात स्वभावतः नसून संकेताने ठरतात, असे मानावे लागते. चीनमध्ये पांढरा रंग परंपरेने शोकाचा, तर तांबडा विवाहाचा आहे. यूरोपात शोकासाठी काळा रंग रूढ झाला आणि वधूच्या पांढऱ्या वेषाची प्रथा १८४० मधील व्हिक्टोरिया राणीच्या विवाहानंतर दृढ झाली.

प्राचीन भारतीय ग्रंथांत रंगांची योजना बारकाईने केलेली आढळते. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसास एक वर्ण दिला असून शृंगार श्याम, तर रौद्र रक्तवर्ण मानला आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू चार वर्णांना अनुक्रमे पांढरा, तांबडा, पिवळा व काळा असे रंग सांगतो. त्यावर, सर्वच वर्णांत सर्व रंगांचे लोक दिसतात, मग हा भेद कसा करावयाचा, अशी शंका भरद्वाज घेतो. रंगावरून माणसाचे स्थान ठरविण्याबद्दलचा आक्षेप इतका जुना आहे.

महाराष्ट्रात भिन्न परंपरा शेजारी नांदत असल्याने एका रंगाचे अनेक अर्थ सहज एकत्र येतात. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड येथे शेख फरीद यांचा दर्गा असून तेथे हिंदू व मुसलमान असे दोन्ही समाजांचे भाविक येतात. दर्ग्यांवर चढविल्या जाणाऱ्या चादरींचा हिरवा रंग इस्लामी परंपरेत पावित्र्याचा आहे. तर मराठी वधूचा हिरवा चुडा सौभाग्य व सुफलता दर्शवितो. दोन्हीकडे रंग आदरणीयच आहे, परंतु त्यामागील कारणे वेगळी आहेत.

रंगांचे अर्थ वादाचा विषय कसे बनतात व विचारविनिमयाने कसे बदलता येतात, हे राष्ट्रध्वजाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. १९२१ मध्ये गांधीजींनी पुरस्कारिलेल्या ध्वजात पांढरा, हिरवा व तांबडा असे तीन पट्टे होते. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा व पांढरा इतर धर्मीयांचा, असा त्यांचा अर्थ होता. चरखा असलेल्या या ध्वजाच्या मिरवणुकीस बंदी झाल्यामुळे १९२३ मध्ये नागपूर येथे झेंडा सत्याग्रह झाला. वर्ध्याचे जमनालाल बजाज (१८८९–१९४२) हे त्याच्या प्रमुख नेत्यांपैकी एक होते. सत्याग्रहात हजारावर लोकांनी कारावास पत्करला. पुढे रंगांच्या सांप्रदायिक अर्थामुळे ध्वजात आपलाही रंग असावा, अशी मागणी शीख समाजातून झाली. १९३१ मध्ये नेमलेल्या सात जणांच्या समितीने संपूर्ण केशरी ध्वज सुचविला. दत्तात्रेय बाळकृष्ण तथा काका कालेलकर व ना. सु. हर्डीकर हे या समितीचे सदस्य होते. काँग्रेसने मात्र ही सूचना न स्वीकारता केशरी, पांढरा व हिरवा हे रंग निश्चित केले आणि त्यांना कोणताही सांप्रदायिक अर्थ नाही, असे जाहीर केले. केशरी धैर्य व त्याग यांचा आणि पांढरा सत्य व शांती यांचा निदर्शक ठरला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चरख्याऐवजी चक्र असलेला ध्वज स्वीकारला. त्या प्रसंगी सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी हिरव्या रंगाचा संबंध भूमीशी व वनस्पतिजीवनाशी जोडला. छटा जवळजवळ त्याच राहिल्या, अर्थ मात्र सव्वीस वर्षांत पालटला.

याउलट रूढीने लादलेला अर्थ बदलणे अधिक कठीण असते. कपाळीचे तांबडे कुंकू हे सौभाग्याचे चिन्ह. पण ब्राह्मण व तत्सम काही जातींत केशवपन केलेल्या विधवेस ‘आलवण’ नावाचे तांबडेच लुगडे नेसावे लागे. कपाळी मंगल मानलेला रंग अंगभर नेसविल्यावर अमंगलाची खूण होई व ती नेसणारी स्त्री मंगलकार्यापासून दूर ठेवली जाई. येथे रंग भावना सूचित करीत नव्हता. तो व्यक्तीचे हीन ठरविलेले स्थान चारचौघांत जाहीर करीत होता. जोतीराव फुले (१८२७–९०), धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) इ. सुधारकांच्या प्रयत्नांनंतर केशवपन व आलवण विसाव्या शतकात क्रमाने मागे पडले.

लादलेल्या खुणा नाकारून समाज स्वतःसाठी नवे रंगही निवडतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेब आंबेडकरांसह लाखो अनुयायांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा दीक्षार्थी शुभ्र वस्त्रांत आले होते. अनेक प्रांतांत वैधव्याची खूण असलेला पांढरा रंग तेथे नव्या जीवनाचा निदर्शक झाला. आंबेडकरी चळवळीचा निळा रंग आज स्वाभिमानाचे प्रतीक म्हणून सर्वपरिचित आहे.

कुंकवाचा प्रश्न मात्र एकविसाव्या शतकापर्यंत राहिला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इ. प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनाने त्याच महिन्यात अन्य ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. रंगाचा अर्थ समाज ठरवितो, म्हणूनच त्यातून घडणाऱ्या अन्यायाचे उत्तरदायित्वही समाजावरच येते.