माणदेशी एक्स्प्रेस ललिता बाबर : मोहीच्या रानातून ऑलिम्पिकच्या फायनलला

सातारा जिल्हा आणि ऑलिम्पिक म्हटलं की कराडकरांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. पण याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, माण तालुक्यातल्या मोही गावची शेतकऱ्याची लेक २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या शर्यतीत फायनलला पोचली, हे नव्या पोरापोरींना आता सांगावं लागतं.

ललिता बाबरचा जन्म २ जून १९८९ चा. आपल्या कराडकडं कृष्णा-कोयनेचं पाणी आणि ऊस, तर माणात पावसाळ्यातही आभाळाकडं बघत बसायची पाळी. अशा दुष्काळी भागातून आलेल्या ललिताने २००५ मध्ये पुण्यात २० वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. पुढे रेल्वेकडून खेळताना तिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिला नंबर काढला. लोक तिला 'माणदेशी एक्स्प्रेस' म्हणू लागले.

एवढं नाव झाल्यावर कुणीही मॅरेथॉनलाच धरून राहिलं असतं. ललिताने मात्र पंचविशीच्या आसपास ३००० मीटर स्टीपलचेसकडे मोर्चा वळवला. हीच तिच्या कारकिर्दीतली खरी मोठी उडी.

ही शर्यत आपल्याकडं फारशी कुणाला माहीत नाही. ट्रॅकला साडेसात फेऱ्या मारायच्या. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटीमीटर, म्हणजे साधारण अडीच फूट. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला की अडथळा पडतो, इथला जाड लाकडी असतो, तो पडत नाही, धावणाराच पडतो. पाण्याच्या अडथळ्यामागं १२ फूट लांबीचा खड्डा. त्यातून ओल्या बुटांनी बाहेर पडून लगेच वेग धरायचा. दम मॅरेथॉनवालीचा लागतो आणि उडीचं तंत्र वेगळंच. पन्नास ठिकाणी पळून झालेल्या माणसालाही हे नव्यानं शिकावं लागतं.

बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्या हाताखाली ती हे शिकली. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने ९ मिनिटं ३५.३७ सेकंदांत राष्ट्रीय विक्रम केला. बहरीनची पहिली आलेली धावपटू बाद ठरवल्याने ललिताला आधी रौप्य मिळालं होतं. नंतर तो निर्णय फिरला आणि हातात कांस्य राहिलं.

पुढच्याच वर्षी चीनमध्ये वुहानला ती आशियाई विजेती झाली. रिओचं तिकीट तिथंच पक्कं झालं. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत फायनल गाठून ती आठवी आली.

मग रिओ. १३ ऑगस्ट २०१६ ला प्राथमिक फेरीत ती आपल्या गटात चौथी आली. वेळ ९ मिनिटं १९.७६ सेकंद, पुन्हा राष्ट्रीय विक्रम. इंचॉनपासून दोन वर्षांच्या आत साडेपंधरा सेकंद कमी! ललिता १०० मीटरची धावपटू नव्हे, पण हिशोब करून बघा. दर १०० मीटरला १९ सेकंदांच्या आतला वेग, तोही अडथळे ओलांडत, सलग ३० वेळा. गावातल्या शाळेच्या मैदानावर एकदा तरी घड्याळ लावून बघावं.

या वेळेनं ती फायनलला गेली. पी. टी. उषा १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर हर्डल्सच्या फायनलला होती आणि सेकंदाच्या शंभराव्या भागानं तिचं कांस्य हुकलं होतं. त्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिक फायनल गाठणारी भारतीय महिला ललिताच, ३२ वर्षांनी. १५ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या संध्याकाळी, आपल्याकडं लोक टीव्हीपुढं बसले होते. ती ९ मिनिटं २२.७४ सेकंदांत दहावी आली. पदक नाही म्हणून काहींनी नाक मुरडलं, ते बरोबर नव्हतं. जगातल्या पहिल्या दहांत येणं ही काय साधी गोष्ट आहे?

त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे राज्य सरकारने तिला थेट महसूल खात्यात अधिकारी म्हणून घेतलं. रायगड जिल्ह्यात माणगावला तिने तहसीलदार म्हणूनही काम पाहिलं.

रिओतला तिचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षं टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत उत्तर प्रदेशच्या पारुल चौधरीने ९ मिनिटं १५.३१ सेकंदांची वेळ देऊन तो मोडला.