शिक्का आणि मोर्तब: राजापूरच्या वखारीपासून आधारच्या झेरॉक्सपर्यंत

आजचा एपिसोड माझ्या गावचा, राजापूरचा.

गणपतीत घरी गेलो होतो. सहज म्हणून आजोबांचा नंबर 'संचार साथी' पोर्टलवर टाकला. ओटीपी आला, यादी उघडली, तर त्यांच्या नावावर दोन नंबर. एक त्यांचा. दुसरा कोणाचा, घरात कुणालाच ठाऊक नाही. आजोबा म्हणाले, "अरे, मी सही एकाच सिमसाठी केली होती." सही कशावर? आधारच्या झेरॉक्सवर. तारीख नाही, कारण नाही, बाकी कागद कोरा.

दुसऱ्याच्या नावावर कारभार करण्याची गोष्ट राजापूरला जुनीच आहे. इथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला. शिवाजी महाराज गडावर अडकलेले. तेव्हा वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन तिकडे गेला आणि चक्क इंग्रजांचं निशाण लावून गडावर मारा केला. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर घेतलं, वखार लुटली, इंग्रजांना कैद केलं. कैद्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणं मांडलं, तर १६६२ मध्ये त्यांनी उलट यांनाच झापलं: इंग्रजांचं म्हणून ओळखलं जाणारं निशाण घेऊन गोळे डागायला तुम्हाला सांगितलं कुणी? सुटका झाली १६६३ मध्ये. आणि १६७४ ला हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हाही राजापूरच्या भरपाईची बोलणी चालूच होती. नाव कंपनीचं, वापरलं रेव्हिंग्टननं, निस्तरावं लागलं सगळ्यांना.

आता महाराजांचा कारभार बघा. पत्र लिहायचा कारकून, मोडीत. मग ते खरं कशावरून? वरती मुख्य मुद्रा, म्हणजे शिक्का. आणि मजकूर संपला की तिथेच दुसरी, छोटी मर्यादा मुद्रा, म्हणजे मोर्तब. पत्र इथे संपलं, याच्या खाली कुणी ओळ घुसवली तर ती आमची नाही. कागद लांब असेल तर तुकडे चिकटवायचे आणि जोडावरही शिक्का मारायचा, म्हणजे मधला तुकडा बदलता येत नाही. आपण आज 'शिक्कामोर्तब' म्हणतो, तो शब्द इथला.

मी इंजिनिअर, त्यामुळे मला लगेच डिजिटल सही आठवते. सही केलेल्या पीडीएफमध्ये एक अक्षर बदला, तपासणीत पकडलं जातं. गणित नवीन, पण काळजी तीच: सुरुवात माझी आहे, तर शेवटही माझाच हवा.

आजोबांनी शिक्का दिला, मोर्तब राहिलं. म्हणून तीन कामं आजच करा.

एक, झेरॉक्स देताना त्यावरच आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. सही त्या मजकुराला लागून, कोरी जागा न सोडता.

दोन, चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात.

तीन, संचार साथीवर घरातल्या प्रत्येकाचा नंबर तपासा. अनोळखी नंबर दिसला तर 'हा माझा नंबर नाही' म्हणून तिथेच कळवा. आम्ही तेच केलं.

परवा आजोबांना बँकेत झेरॉक्स द्यायची होती. त्यांनी चष्मा लावला, तिरकी ओळ लिहिली, खाली सही केली आणि मला विचारलं, "झालं मोर्तब?"

झालं, आजोबा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!